झुंबरबाईचा वस्तरा
लकव्याने नवऱ्याचा उजवा हात गेला, तरी पारोळ्यातलं त्याचं दाढीचं दुकान बंद पडू द्यायचं नाही, हे झुंबरबाईने ठरवूनच टाकलं. त्याचा वस्तरा त्याच्या हाताच्या वळणाने झिजलेला, म्हणून स्वतःचा नवा घ्यायला ती नवऱ्याला घेऊन धुळ्याला आली. दुकानदाराने चकचकीत, टोकदार वस्तरा पुढे केला. तिने गोल टोकाचा उचलला. टोकदार वस्तरा नवशिक्याच्या हातून गिऱ्हाइकाच्या कानाला लागतो. “धारेचा चामडी पट्टा हा स्वस्तातला न्या,” दुकानदार म्हणाला, “धार लावताना नवखा हात पहिला पट्टा कापतोच.” “तो घरीच कापाई गया, भाऊ. चांगला दखाडा.” नव्या पट्ट्यावर तिचा वस्तरा सरसर फिरला, दर फेरीला धारेवरून नाही, पात्याच्या पाठीवरून वळला, चामड्याला ओरखडासुद्धा नाही. “ते ठीक, पण बाईच्या वस्तऱ्यापुढे गळा धरणार कोण?” दुकानदाराने विचारलं. बाकावरच्या नवऱ्याने डाव्या हाताने सदऱ्याचं बटण काढलं आणि मान वर केली.