गळ्याचे हूक

पहिला हूक बसला.

मोहिनीने पिशवीतून फरची कॉलर काढली होती आणि ती कोटाच्या गळ्याला लावायला घेतली होती. कोट सोफ्यावर पसरलेला. तपकिरी, जाड. नाशिकच्या मे महिन्यात नुसता बघितला तरी घाम फुटावा असा.

"बघते हं काकू, जुळते का."

दुसरा.

साळूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कॉलरचे केस तेच होते. तोच रंग, टोकांना तीच राखाडी झाक. उलट्या बाजूचं अस्तरही तेच, निळं.

विकणे आहे. बायकांचा फर कोट, रशियाचा. फोटोपुरता एकदाच घातलेला.

असं साळूबाईंनी सांगितलं होतं आणि त्यांच्या लेकीने, तेजस्विनीने, मोबाईलवर टाकलं होतं. सिडकोतलं घर मोडून लेकीकडे राहायला जायचं, तर एवढं धूड ठेवायचं कुठे? फक्त नीट माणसाला दे, एवढं त्यांनी बजावलं होतं. गिऱ्हाईक एकच आलं. ही मोहिनी. आल्या आल्या टीपॉयवर पैशांचं पाकीट ठेवून मोकळी झाली.

तिसरा हूक. चौथा.

साळूबाईंचा नवरा विमान कारखान्यात फिटर होता. ट्रेनिंगला रशियात गेला आणि येताना हा कोट घेऊन आला. सबंध संसारात त्याने आपणहून आणलेली ही एकच वस्तू. ओझरच्या कॉलनीतल्या बाया हात लावून बघून गेल्या होत्या. दर उन्हाळ्यात साळूबाई कोट गच्चीवर ऊन दाखवायला न्यायच्या आणि खाली आल्यावर विचारायच्या, अहो, पण गळ्याला हे हूक कशाला?

"तिकडची फॅशन," पेपरच्या मागून उत्तर यायचं.

पाचवा.

"तुझ्याकडं ही कुठून आली गं?"

"आईची आहे. ओझरला कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती ती. लता सिस्टर." मोहिनीने मान वर केली नाही. "आता तिला काही आठवत नाही. पण ही गळ्यातून काढू देत नाही. एवढ्या उकाड्यात पण. आत्ता झोपलीये म्हणून आणता आली. सारखं एकच, कोट आणला का, कोट कधी आणणार."

"कोण आणणार?"

सहावा हूक मोहिनीच्या बोटांतून निसटला. परत निसटला.

तेवढ्यात तेजस्विनी चहा घेऊन आली. "आई, हा तुझा." दुसरा कप तिने मोहिनीपुढे ठेवला. "हा बिनसाखरेचा."

पंखा फिरत होता.

"तेजू."

"काय गं?"

"हिला साखर चालत नाय, हे तुला काय ठाऊक?"

"अगं, आजकाल सगळेच..."

"तू इचारलं नाय. ती बोलली नाय."

तेजस्विनी ट्रे छातीशी धरून उभी राहिली.

"सांगा आता, ताई," मोहिनी हळूच म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, असं नको."

विकणे आहे. बायकांचा फर कोट, रशियाचा. हे कुणी वाचलंच नव्हतं.

"टाकलंच नव्हतंस मोबाईलवर."

"नाही."

"ह्यांनी सांगितलं?"

"बाबा ॲडमिट होते तेव्हा. कोट सिस्टरांना पोचव म्हणाले. तुला कळू न देता."

"अन् तू नाय कळू दिलं."

"तुला त्रास नको म्हणून, आई."

"हे पाकीट? ह्यातले पैसे कुणाचे?"

मोहिनीने तेजस्विनीकडे बघितलं. तेजस्विनीने कपाकडे.

साळूबाई उठल्या. सोफ्यावर बसून त्यांनी कोट मांडीवर ओढला. राहिलेला सहावा हूक त्यांनीच लावला, एका हाताने, न बघता. ब्लाऊजच्या हुकांना सरावलेली बोटं. मग कोट दोन्ही हातांनी समोर धरला.

पुरा कोट त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

चांगला दिसत होता.

त्यांनी फरवरून उलटा हात फिरवला. मग सुलटा. मग सहावा हूक काढला.

पाचवा.

चौथा, तिसरा, दुसरा.

"काकू," मोहिनी म्हणाली, "मला खरंच..."

पहिला.

कॉलर त्यांनी उशीखाली सारली आणि कोटाची घडी केली. दरवर्षी करायच्या तशीच, बाह्या आत घेऊन. घडी मोहिनीच्या हातात दिली. वर ते पाकीट ठेवलं.

"जा घेऊन. मला विकायचा नाय. दिला."

"आणि कॉलर?"

"ती राहू दे."

"आई, असं काय करतेस?" तेजस्विनी म्हणाली. "त्यांना आता काही कळत नाही गं. कोट अंगावर चढवला की गळा चाचपतील. हूक लागतील हाताला. दिवसभर विचारत बसतील, हे कशाला, हे कशाला."

"इचारू दे."

साळूबाईंनी आपला चहाचा कप जवळ ओढला. वर साय धरली होती, ती बोटाने बाजूला केली.

"तिकडची फॅशन हाय म्हणावं."