पिवळा दिवा

"लागला का पुन्हा!" आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. नवी कोरी मोटारसायकल, पण काट्याशेजारचा पिवळा दिवा पेटला की चाळीसच्या पुढं पळायचं नाव नाही. दोन महिन्यांतली ही चौथी खेप.

अहमदपुरात पाशामियाँचं गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर. आप्पासाहेबांची प्रत्येक गाडी या माणसानं नुसत्या आवाजावरून नीट केलेली. पण हिच्याकडं त्यानं वाकून पाहिलं आणि हात पुसत मागं सरकला.

"लातूरला न्या, आप्पासाहेब. कंपनीचा कंप्युटर लागतो हिला. मी हात लावला की वॉरंटी गेली."

"पाशाभाई, एवढ्याशा दिव्यापायी पुन्हा लातूर?"

"क्या करे, जमानाच तसा हाय."

सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर सांगून ठेवलेले. तरी आप्पासाहेब शिव्या घालत निघाले. दुसरा इलाजच काय?

शोरूममध्ये नेहमीचंच. गाडी काचेमागं गेली. गिऱ्हाइकानं आत यायचं नाही. "सेन्सरची पिन ढिली झालीय काका. मशीनला लावून दिवा घालवावा लागंल. नंबर लावलाय, चार तास."

"पिन दाबायला चार तास?" आप्पासाहेब कडाडले. काउंटरवरचा माणूस गोड हसला आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

चार तास काढायचे कुठं? दोन गल्ल्या सोडून पुनमचं होस्टेल होतं. डॉक्टरकीच्या क्लाससाठी पोरीला जूनमध्ये इथं आणून टाकलं होतं. पहिल्याच आठवड्यात फोनवर तिचं रडणं सुरू झालं, "मला घरी न्या, न्हाई राहवत." तिची आई सिंधू भेटायला निघाली, तेव्हा आप्पासाहेबांनीच तिला दारातून परत फिरवलं होतं. परीक्षा होईपर्यंत कुणी जायचं नाही. भेटलं की पोर जास्तच हळवी होते. सिंधूनं पोरीसाठी बांधलेला डबा परत सोडला होता.

दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा वेळ जाईना म्हणून ते होस्टेलवर डोकावले. पुनम निम्मी झाली होती. बापाचा हात धरून तासभर हमसून हमसून रडली. पोर क्लास सोडणार, नाहीतर अंथरूण धरणार, असंच आप्पासाहेबांना वाटलं. दुसऱ्या खेपेला ती समोर बसून पोटभर जेवली. तिसऱ्या खेपेला मैत्रिणींची नावं सांगितली.

आज तर दहाच मिनिटांत म्हणाली, "बाबा, उद्या टेस्ट हाय. तुम्ही निघा ना आता!" आणि हसत पळाली. आप्पासाहेबांना जरा लागलंच, पण छातीवरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी गाडी अंगणात उभी केली. सिंधूनं पाणी दिलं, पोरीचं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग गाडीकडं बघून तोंड कडू केलं.

"विकून टाकतो ही ब्याद. कामाच्या दिवसात लातूरच्या चकरा मारायला मी काय रिकामटेकडा हाय?"

सिंधू तव्यावरची भाकरी उलटत शांतपणे म्हणाली, "विकू नका. पोर रमली म्हणता ना? मग पाशाभाऊंनी दाखवलेली ती पिन मी आता कशाला ढिली करू?"