आरतीपुरता

गणपतीतला रविवार होता. दिंडोरीजवळच्या आमच्या गावात शांतवनच्या घरी प्रार्थना चालू होती. मंडळाची पोरं दार ढकलून घुसली. "धर्मांतर बंद करा!" म्हणत त्यांनी भजनाची ढोलकी चाकूनं फाडली. पोलिसांनी येऊन शांतवनलाच उचललं. आमिष काय दाखवलं, तर सगळ्यांना पाजलेला चहा. पिणारे सगळे जन्मापासून ख्रिस्तीच, पण एवढ्या बारकाव्यात कोण शिरणार? संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष धावत ठाण्यात आले. "साहेब, याला आरतीपुरता सोडा. दरवर्षी ढोलकी हाच वाजवतो, दुसऱ्या कोणाला जमत नाय." साहेबांना पटलं. शेवटी श्रद्धेचा प्रश्न होता. टेबलावर मुद्देमाल म्हणून फाटकी ढोलकी होती. गजाआडून शांतवन म्हणाला, "अध्यक्षसाहेब, माझ्या देवापुढं वाजवली म्हणून तुम्ही ती फाडली. मी येत नाय, ही घेऊन जा. बाप्पानं विचारलं, तर कोणी फाडली तेवढं खरं सांगा."