नम्र सेवक

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून चर्चचे जुने पाळकसाहेब दरवर्षी माळीणआजीच्या वडिलांचे पाय धुवायचे. टाचेच्या भेगांतला चिखल नखाने काढताना त्यांची मान इतकी खाली जायची, की चेहरा कुणाला दिसतही नसे.

यंदा नव्या पाळकसाहेबांनी त्यासाठी आजीला बोलावलं, तेव्हा तिला वडीलच भेटल्यासारखं झालं. चर्चच्या बागेला पाणी घालून ती तशीच लगबगीने आत आली आणि खुर्चीवर बसली. समोर 'नम्र सेवक' असा फलक होता. त्यावर पाळकसाहेबांचा हसरा चेहरा एवढा मोठा, की मागचा वधस्तंभ पार झाकून गेलेला.

पाण्याचं तस्त घेऊन पाळकसाहेब मोठ्या नम्रतेने गुडघ्यांवर बसले. केसांवरून हात फिरवत त्यांनी मोबाइलवाल्याला विचारलं, "चेहरा नीट येतोय ना रे?"

मग त्यांची नजर आजीच्या मातीने भरलेल्या पायांवर गेली, आणि हसू मावळलं.

"अहो आजी, हे काय! मागे नळ आहे. आधी पाय स्वच्छ धुऊन या बघू, मग मी धुतो."