नागम्माच्या गिन्न्या

बंडेप्पाला त्या सकाळी घराची किल्ली मिळणार होती. किल्लीबरोबर दुकान, आणि दुकानाबरोबर तुरीचा अख्खा हंगाम. त्याच्या विधवा बहिणीला, नागम्माला, हवं होतं ते एवढंच, की कुणी काही विचारू नये.

प्लेगचा डॉक्टर बंडेप्पाच्या ओट्यावर उकिडवा बसला होता. समोर जाळीची पेटी. पेटीत हैदराबादहून आणलेले बिनशेपटीचे गुबगुबीत प्राणी. डॉक्टर त्यांना गिनिपिग म्हणायचा. चिंताकी गावच्या लोकांनी त्यांच्या गिन्न्या केल्या.

"दोन ठेवले होते," डॉक्टर खुशीत म्हणाला. "पाच झाले! वाह!"

उंदीर मरून पडायला लागले तसं सगळं गाव शिवारात खोपटं घालून राहिलं होतं. तेव्हा डॉक्टरनं ही पेटी चपराशाच्या हाती दिली होती. बंडेप्पाच्या रिकाम्या घरात ठेवायची, रोज घास घालायचा. चपराशी सरकारचा असला तरी जीव त्याचा स्वतःचा होता. उंदीर पडलेल्या घरात तो पाऊल टाकेना. त्यानं पेटी बाहेर ओट्यावर ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि पायाला पाय लावून पळाला.

आडावरून पाणी घेऊन येताना नागम्माला शीळ ऐकू आली. पेटी उन्हात तापली होती, भोवती कुत्री घिरट्या घालत होती. तिनं घागर खाली ठेवली आणि पेटी उचलून आपल्या खोपटात नेली. चपराशाला कळलं तेव्हा त्यानं हात जोडले. "राहू द्या तुमच्यापाशीच, अक्का. डॉक्टरसाब येतील त्या दिवशी ओट्यावर आणून ठेवा. तुमची दया बी झाली, माझी नोकरी बी ऱ्हायली."

हे प्राणी कशाला आणलेत, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नाही. हरभऱ्याचा पाला घातला की खातात, तिची चाहूल लागली की शीळ घालतात, एवढं तिला पुरे होतं. मादी व्याली तेव्हा पिल्लं जन्मतःच डोळे उघडून खोपटात धावायला लागली. नागम्माची कूस रिकामीच राहिली होती. तिनं त्या बाळंतिणीसाठी मळ्यातून गाजरं मागून आणली.

शेजारच्या खोपटातली शकुबाई हसून लोळायची बाकी होती. "अगं, लोकं उंदराला भिऊन रानात आली, अन् तू उंदरं पाळायलीस व्हय?"

"उंदरं न्हाईत. शेपटी कुठाय ह्यांना?"

"शेपटी तर तुझ्या भावाला बी न्हाई!"

आता तोच भाऊ डॉक्टरपुढं हात पसरून उभा होता.

"प्लेगच्या पिसवा आधी ह्यांना चावतात, मग माणसाला," डॉक्टर किल्ली काढत त्याला सांगत होता. "घरात प्लेग असता तर हे कधीच मेले असते. ये जिंदा, तो घर अच्छा. जा, आजच जा राहायला."

नागम्मा पेटीला पाला घालत होती. तिचा हात थांबला. तिनं दाराकडं पाहिलं. आत भावजय जाणार, पोरं जाणार. मग पेटीकडं पाहिलं. गप्प बसलं तर ही पाचही आपलीच. तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"डॉक्टरसाब, हे घरात न्हवतेच. माझ्या खोपटात होते. पहिल्या दिवसापासनं."

"गप बस!" बंडेप्पा ओरडला. "कामून बडबडायलीस? तुरी काय तुझ्या खोपटात विकू?"

चपराशी स्वतःच्या वहाणा निरखू लागला. डॉक्टरनं किल्ली परत खिशात टाकली. "मग आता ठेवू. दोन पुरे. कुठले, ते तुम्हीच द्या, अम्मा."

नागम्मानं मोठी दोन दिली. पिल्लांना पाला खाता येत होता; आईवाचून त्यांचं अडणार नव्हतं, अशी तिनं मनाची समजूत घातली. या वेळी डॉक्टर स्वतः दारात उभा राहिला आणि चपराशाला आत पाठवलं. आठवडा संपायच्या आत गिन्न्यांची ती जोडी मेली. काखेत गाठी होत्या.

बंडेप्पा पोरांना पोटाशी धरून खोपटाबाहेर बसला. शिवारात बातमीला पाय फुटले. संध्याकाळी शकुबाई लेकरू कडेवर घेऊन आली. या वेळी ती हसत नव्हती.

"नागम्मा, आमच्या घरात बी एक ठेवू दे की गं. हे लेकरू बघ माझं."

नागम्मानं लेकराकडं पाहिलं आणि एक पिल्लू उचलून दिलं. मग आणखी दोन घरची माणसं आली. त्यांचीही लेकरं होती. उरलेली दोन पिल्लं तिनं त्यांना दिली; ती त्या घरांत मेली. शकुबाईच्या घरातलं पिल्लू जगलं. ती नवस फेडून घरी राहायला गेली, आणि पिल्लू परत आलं नाही. चांगल्या गुणाचं म्हणून ते शेजारच्यांनी नेलं, तिथंही जगलं, तेव्हा त्यांच्या शेजारच्यांनी नेलं. असं घरोघर फिरत शेवटी एका घरात ते मेलं. त्या घरच्यांनी नागम्माचे पाय धरले.

शेवटी प्लेग हटला. बंडेप्पानं दुकान उघडलं, हंगामाचं शेपूट का होईना हाती लागलं. बहिणीचं कौतुक त्याच्या तोंडात मावेना. "पुढच्या साली डॉक्टरकडनं धा-वीस मागवू," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "पाळायला आमची नागम्मा हायेच."

मोठी दोन दिल्यापासून चिंताकीत प्लेगनं एकही माणूस गेलं नाही. भरणा पाच जिवांनी केला, आणि पाचांनाही तिनंच आपल्या हातानं उचलून दिलं होतं.