पत्ता

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड रंगवण्याच्या मिलमध्ये शालिग्राम हजेरी लिहायचा. शहाण्णव साली सेठनं सगळ्या डिझाइनांच्या नकला करवून सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या आपल्या दुकानात नेऊन ठेवल्या.

"आग काही सांगून येत नाही, शालिग्रामभाई," सेठ म्हणाले.

"मग कामगारांच्या नावपत्त्याच्या बुकाचीही एक नक्कल करू का?"

"ते बुक कोण चोरणार?" सेठ हसले. शालिग्रामही हसला आणि विषय तिथंच राहिला.

श्रावणात मिलचा बॉयलर फुटला. शेजारचं ऑफिस जळून खाक झालं आणि बॉयलरवरचा कुंदन जागीच गेला. त्याला कामाला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. तो खानदेशातल्या पारोळ्याकडचा, यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि गाव लिहिलेलं बुक राख झालं होतं. शालिग्राम पारोळ्याला जाऊन दोन दिवस वणवण फिरला आणि हात हलवत परत आला. शेवटी सुरतेतच त्यानं कुंदनला अग्नी दिला.

डिझाइनं शाबूत होती, त्यामुळे महिन्याभरात मिल पुन्हा सुरू झाली. त्याच आठवड्यात पोस्टमन कुंदनच्या नावाचं पोस्टकार्ड देऊन गेला. शालिग्रामनं ते वाचलं. कुंदनच्या बापानं लिहिलं होतं, "तुनाकरता पोर देखी ठेयेल शे. दिवाळीले नक्की ये."



खाली, सुवाच्य अक्षरात, गावाचा पूर्ण पत्ता होता.