वाटेतली झोप

म्हात्रे पुलाच्या तोंडाशीच जयवंतला जाग आली आणि तो सायकलवरून पडतापडता वाचला. हेल्मेटची बॅटरी संपली होती. एरवी घरी हेल्मेट चढवलं की लगेच झोप लागायची, पाय आपले पॅडल मारत राहायचे आणि डोळे उघडायचे ते थेट ऑफिसच्या फाटकात. हा रस्ता त्याने जागेपणी कधी पाहिलाच नव्हता.

पुलावर एक बाई कठड्याला सायकल टेकवून उभी होती. डोक्यावर हेल्मेट नाही, कॅरिअरला डबा बांधलेला.

"किती उशीर रे जयू! चल, खडकवासल्याला पोचेपर्यंत ऊन चढेल."

जयू? असं तर त्याला फक्त आई म्हणायची. "माफ करा, आपण कोण?"

"अरे, तूच म्हणालास ना, आता पुरे झालं, मंगळवारी ऑफिसकडे वळायचंच नाही? लसूण घातलेली थालीपीठंही तूच सांगितलीस."

लसूण त्याला आवडायचा खरा. पण हे सगळं आपण बोललो कधी?

"मला... मला ऑफिसला जायचंय," तो चाचरत म्हणाला.

तिने जवळ येऊन त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, मग हेल्मेटच्या विझलेल्या दिव्याकडे. तिचा चेहरा पडला.

"अगंबाई, जागे आहात होय!" ती दोन पावलं मागे सरली. "मग जा तुम्ही ऑफिसला. तेवढं हेल्मेट चार्ज करा, आणि उद्या त्याला पाठवा."